केस, काळजी आणि कोरिया

निवडणुकीचा जाहीरनामा म्हटला की रस्ते, पाणी, वीज, रोजगार या गोष्टी ओघाने येतात. मतदारांच्या डोक्यावरील केसांची काळजी वाहणारा जाहीरनामा मात्र विरळाच. जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण कोरियात हे घडले. अध्यक्षपदाचे उमेदवार ली जे-म्युंग यांनी टक्कल पडण्यावरील उपचारांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यातून देण्याचे आश्वासन दिले, आणि बघता बघता सारा देश त्याच विषयावर बोलू लागला. कोरियन भाषेत 'निवडून देणे' आणि 'उपटणे' यांना एकच क्रियापद आहे. त्याचा फायदा घेऊन त्यांच्या समर्थकांनी कोटीही केली, की आमचा उमेदवार उपटायचा नाही, रोवायचा आहे!

ली ती निवडणूक मार्चमध्ये एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. पुढे जून २०२५ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आरोग्य खात्याला या प्रश्नाचा विचार करायला पुन्हा सांगितले. टक्कल हा तरुणांना आता जगण्या-मरण्याचा प्रश्न वाटतो, असे त्यांचे म्हणणे. गंभीर आजारांचे रुग्ण ताटकळत असताना विम्याचा पैसा केसांवर कशाला, अशी हरकत डॉक्टरांच्या संघटनेने घेतली. सेऊलमधील सोंगदोंग या विभागाने तर २०२३ पासूनच ३९ वर्षांपर्यंतच्या रहिवाशांना केसगळतीच्या औषधांसाठी वर्षाला दोन लाख वॉनपर्यंत मदत देऊ केली आहे.

आपल्याला हे वाचून हसू येईल. पण ज्या घरात बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर अडकलेले केस मोजत बसतो, त्या घरात कोणी हसत नाही. कोरियन शांपू, कोरियन सीरम आणि 'स्काल्प केअर' नावाचे उपचार आता आपल्या शहरांतील दुकानांत आणि ब्यूटी पार्लरमध्येही पोचले आहेत. तेव्हा कोरियन लोक डोक्याची निगा नेमकी कशी राखतात, त्यातून काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

केसांत गुंतलेला मान

कोरियात केस हा केवळ दिसण्याचा विषय कधीच नव्हता. शरीर, त्वचा आणि केस हे आई-वडिलांचे देणे. त्यांना इजा न होऊ देणे ही पितृभक्तीची पहिली पायरी, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतील शिकवण तेथे शतकानुशतके रुजलेली. लग्न झालेला पुरुष डोक्यावर केसांची गाठ बांधी. तिला 'सांगतू' म्हणत. घोड्याच्या केसांपासून विणलेली काळी, जाळीदार टोपी त्यावर चढे. १८९५ च्या अखेरीस सरकारने ही गाठ कापण्याचा हुकूम काढला. राजा गोजोंग याने स्वतःचे केस आधी कापून घेतले. पण लोक खवळले. चोए इक-ह्यॉन या विद्वानाने, माझे डोके कापता येईल, पण केस कापता येणार नाहीत, अशा अर्थाचे उत्तर दिले. राणीच्या खुनाने आधीच पेटलेल्या देशात या हुकमाने आगीत तेल ओतले आणि ठिकठिकाणी सशस्त्र उठाव झाले.

पुढे केसांनीच या देशाच्या चुली पेटवल्या. १९७० च्या सुमारास कापड आणि प्लायवूड यांच्या बरोबरीने विग हा कोरियाच्या निर्यातीतील एक प्रमुख माल होता. ऑगस्ट १९७९ मध्ये सेऊलमधील वायएच या विग कारखान्याच्या कामगार स्त्रियांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठिय्या दिला. पोलिस घुसले, त्यात एका तरुण कामगार स्त्रीचा मृत्यू झाला, आणि पार्क चुंग-ही यांच्या राजवटीच्या अखेरीची सुरुवात झाली ती तेथून.

आणि टक्कल? त्याची थट्टा तिकडेही आहेच. फुकटाची आवड असणाऱ्याला टक्कल पडते, अशी कोरियन लोकांत म्हण आहे. १९८० च्या दशकातील लष्करी अध्यक्ष चुन दू-ह्वान यांना टक्कल होते. पार्क योंग-सिक नावाचा नट त्यांच्यासारखा दिसे, एवढ्याच कारणाने त्याला त्या काळात दूरचित्रवाणीवर काम मिळेनासे झाले. २०११ मध्ये तर संगणकावरील खेळात एकाने दुसऱ्याला 'टकल्या' म्हटल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा शब्द लागणारा असेल, पण ती बदनामी नव्हे.

गंमत अशी, की पुरुषी टकलाचे प्रमाण कोरियात मुळात कमी आहे. साडेपाच हजारांहून अधिक कोरियन पुरुषांची पाहणी करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते १४.१ टक्के आढळले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत पन्नाशी गाठेपर्यंत जवळजवळ निम्म्यांना टक्कल पडू लागलेले असते. म्हणजे ज्यांना टक्कल कमी, त्यांनाच त्याची धास्ती जास्त! अर्थात जेथे बहुतेकांचे डोके भरलेले, तेथेच विरळ डोके उठून दिसणार. नोकरीच्या अर्जावर फोटो लावण्याची जुनी रीत आणि रूपाला दिले जाणारे अवास्तव महत्त्व यांनी ही धास्ती आणखी वाढवली.

डोक्याची मशागत

कोरियन पद्धतीचे सार एका वाक्यात सांगायचे तर, केस हे पीक आणि डोक्याची त्वचा ही जमीन. पिकाला रंगवण्यापेक्षा जमिनीची मशागत करा, असा हा विचार. ही कल्पना नवी नाही. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पाचव्या दिवशी कोरियात 'दानो' हा सण साजरा होतो. त्या दिवशी 'चांगपो' नावाची वनस्पती उकळून त्या पाण्याने स्त्रिया केस धूत. केस चमकदार होतात, गळत नाहीत, अशी समजूत. ही चांगपो म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले वेखंड! बाळाच्या टाळूला लावायचे आणि उवा होऊ नयेत म्हणून आजी केस धुण्याच्या पाण्यात घालायची, तेच ते. शिन युन-बोक या जुन्या चित्रकाराचे दानोच्या दिवशी ओढ्याकाठी अंग आणि केस धुणाऱ्या स्त्रियांचे चित्र आजही कोरियात सर्वांच्या ओळखीचे आहे.

आजच्या सेऊलमधील स्काल्प केअरच्या दुकानात गेले, तर सुरुवात होते ती छोट्या कॅमेऱ्याने. तो डोक्यावर टेकवला की पडद्यावर त्वचा कितीतरी पट मोठी दिसते. तेलकट आहे की कोरडी, कोंडा आहे का, लाली आहे का, एका छिद्रातून केस किती निघतात, ते जाड आहेत की बारीक, हे गिऱ्हाईक स्वतः पाहते. मग त्वचेवरचा चिकट थर आणि मृत पापुद्रे काढणारा द्रव लावतात, वाफ देतात, बोटांनी मालीश करतात, धुतात आणि शेवटी औषधी पाणी लावतात.

घरी करायची निगा याहून साधी आहे, आणि खरे तर तीच महत्त्वाची. तिचे नियम असे:

केस शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी धुवावेत, म्हणजे दिवसभराचा घाम, धूळ आणि तेल उशीवर जात नाही. धुण्यापूर्वी कोरड्या केसांतून ब्रश फिरवून गुंता काढावा. पाणी कोमट असावे, कढत नको. शांपू थेट डोक्यावर न ओतता आधी तळहातावर फेसावा. नखांनी खरवडू नये. बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटे त्वचा चोळावी. शांपू लावण्यात जितका वेळ गेला त्याहून अधिक वेळ तो धुऊन काढण्यात घालवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओल्या डोक्याने झोपू नये. आधी टॉवेलने टिपून घ्यावे, मग ड्रायरच्या गार वाऱ्याने केसांची मुळे वाळवावीत.

यात चूक काढण्यासारखे काही नाही. कोंडा आणि त्वचेचा दाह आटोक्यात राहिला की खाज कमी होते, खाजवल्याने तुटणारे केस वाचतात आणि डोके हलके वाटते. मालीशबद्दलही थोडा पुरावा आहे. २०१६ मध्ये जपानमध्ये नऊ पुरुषांच्या डोक्याला रोज चार मिनिटे, २४ आठवडे मालीश केले, तेव्हा केसांची जाडी किंचित वाढलेली दिसली. पण नऊ माणसे म्हणजे अगदीच थोडी, आणि वाढली ती जाडी. केसांची संख्या नव्हे.

बाटलीवरचे शब्द

कोरियन शांपूच्या बाटलीवर काय छापलेले असते, ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. २०१७ पासून तेथील कायद्याने असे शांपू 'विशिष्ट गुणाचे सौंदर्यप्रसाधन' या वर्गात घातले. डेक्सपॅन्थेनॉल, बायोटिन, मेंथॉल, झिंक पायरिथिओन असे ठरावीक घटक ठरावीक प्रमाणात असतील, तर 'केसगळतीची लक्षणे कमी होण्यास मदत' एवढे शब्द वापरता येतात. 'केस उगवतात' असे म्हणता येत नाही, 'टक्कल बरे होते' असेही नाही. तसे म्हणणाऱ्या जाहिरातींवर तेथील अन्न व औषध खात्याने वेळोवेळी कारवाई केली आहे.

म्हणजे ज्या देशाने हे शांपू जगभर नेले, त्याच देशाचा कायदा सांगतो की हे प्रसाधन आहे, औषध नव्हे. बाटली समुद्र ओलांडून आपल्याकडे येते, तेव्हा हा फरक मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडतो.

खरे कारण आत

पुरुषांचे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून मागे सरकतात आणि टाळूवर विरळ होतात. त्याचे कारण ना पाण्यात असते, ना टोपीत, ना हेल्मेटमध्ये. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले आणि घराण्यात टक्कल असेल, तर ते पडू लागते. म्हणजे दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: संप्रेरक आणि वारसा. हा वारसा केवळ आजोळकडून येतो ही समजूत अपुरी आहे. तो दोन्हीकडून येऊ शकतो.

यातील पुढचा दुवा १९७४ मध्ये सापडला. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत एक एन्झाइम जन्मतःच कमी असते. ते टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी नावाच्या अधिक जहाल संप्रेरकात रूपांतर करते. या कुटुंबांतील त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. यावरून लक्षात आले, की खरा कारभारी डीएचटी आहे. ज्यांच्या केसांची मुळे त्याला संवेदनशील, त्यांच्या केसाचे आयुष्य प्रत्येक फेरीत आखूड होत जाते. एरवी दोन ते सहा वर्षे वाढणारा केस काही महिन्यांतच गळतो, नवा येतो तो आधीपेक्षा बारीक, आणि अखेर लव तेवढी उरते. मूळ बराच काळ जिवंत असते, म्हणून वेळीच उपाय केला तर उपयोग होतो. ते पूर्ण आक्रसून गेले की कोणतेही औषध त्याला परत उभे करू शकत नाही.

आता लक्षात येईल की जमिनीची उपमा कोठे अपुरी पडते. मशागत कितीही उत्तम केली, तरी रोग बियाण्यात असेल तर तो खुरपणीने जात नाही. शांपू दोन-तीन मिनिटे डोक्यावर राहतो आणि वाहून जातो. डीएचटीचे काम आत, चोवीस तास चालू असते.

औषधे आणि त्यांची किंमत

कोरियन लोकांना हे चांगले ठाऊक आहे. म्हणून स्काल्प केअरच्या दुकानांबरोबर तेथे केसांच्या डॉक्टरांचे दवाखानेही गजबजलेले असतात. पुराव्याच्या कसोटीला उतरलेली मुख्य औषधे दोनच. पहिले मिनॉक्सिडिल. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्याला लावायचे पाणी तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. दुसरे फिनास्टेराइड, डीएचटी कमी करणारी गोळी. ती १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झाली. तिच्या मूळ चाचण्यांत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे केस आणखी कमी झाले नाहीत. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. याच जातीचे, पण अधिक प्रभावी ड्युटास्टेराइड टकलासाठी मंजूर करण्यात दक्षिण कोरियाने २००९ मध्ये पुढाकार घेतला. अमेरिकेने त्याला केसांसाठी मंजुरी दिलेली नाही.

या औषधांना किंमत आहे आणि ती केवळ पैशांची नाही. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. मिनॉक्सिडिलने तर सुरुवातीला केस अधिकच गळतात आणि घाबरून अनेक जण ते सोडून देतात. औषध थांबवले की मिळवलेले केस हळूहळू जातात. फिनास्टेराइडने काही पुरुषांत लैंगिक इच्छा किंवा क्षमता घटते. चाचण्यांत अशा तक्रारी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनी केल्या. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा एक दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. मन उदास राहू लागले तर औषध थांबवून डॉक्टरांना ताबडतोब सांगायला हवे. गर्भवती स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये, कारण मुलगा असल्यास गर्भाला धोका असतो. कोरियात फिनास्टेराइड थांबवल्यावर सुमारे महिनाभर आणि ड्युटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने रक्तदान करता येत नाही, ते याचमुळे. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए ही रक्तचाचणी करताना डॉक्टरांना या गोळीची कल्पना द्यावी. तिने तो आकडा जवळजवळ निम्मा दिसतो.

मुळे आक्रसून गेली असतील तर केसरोपण हा मार्ग उरतो. दाएगू शहरातील क्युंगपूक राष्ट्रीय विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पेनासारख्या उपकरणाने एकेक केस रोवण्याची पद्धत विकसित केली आणि ती पुढे जगभर गेली. मानेवरचे केस डीएचटीला दाद देत नाहीत. टाळूवर लावले तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही. मात्र भोवतालचे मूळचे केस गळतच राहतात, म्हणून रोपणानंतरही औषध बहुधा चालू ठेवावे लागते.

आपल्या घरात

कोरियाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिले म्हणजे नीट पाहणे. कोणते केस कोठून जातात? दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. टायफॉइड, डेंग्यू यांसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी ओंजळभर केस गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. नाण्याएवढा गोल तुकडा एकदम मोकळा झाला तर ती चाई. तिचा उपचार वेगळा. उपासमार करून वजन घटवणे, रक्तक्षय, थायरॉइड यांचाही विचार करावा लागतो. पण कपाळ वर सरकते आहे, टाळू चमकते आहे आणि नवे केस बारीक येत आहेत, असे दिसले की शांपू बदलण्यात वर्षे घालवू नयेत. त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

दुसरे, डोके स्वच्छ ठेवणे. आपल्याकडे केस गळू लागले की पहिला सल्ला मिळतो तो तेल चोपडण्याचा. खोबरेल तेल केसाच्या काडीत शिरते आणि केसातील प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांत दिसले आहे. लांब केसांना ते गुणकारीच. पण ते मुळांना जगवत नाही. उलट ज्याचे डोके तेलकट आणि कोंड्याचे, त्याने रात्रभर तेल ठेवले तर कोंड्याला कारण होणारी बुरशी त्यातील मेदाम्लांवर पोसते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि हेल्मेटखालच्या घामात रात्री डोके धुऊन वाळवण्याची कोरियन सवय नक्कीच उपयोगी आहे. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. साधा सौम्य शांपू, कोंडा असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला औषधी शांपू, कोमट पाणी आणि दहा मिनिटांचा वेळ पुरतो.

आणि तिसरी गोष्ट मात्र कोरियाकडून न घेण्याची. ती म्हणजे लाज. टक्कल हा दोष नाही आणि आजारही नाही. ती एका वारशाची खूण आहे. तरीही आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत मुलाच्या कपाळाकडे नजर जाते, मावशी-काका सर्वांदेखत 'अरे, तुझे चंद्रदर्शन व्हायला लागले की' म्हणून हसतात, आणि मुलगा टोपी घालून वावरू लागतो. मग कोणालाही न विचारता, जाहिरातीतून दिसलेल्या दहा बाटल्या गुपचूप मागवतो. ज्या दोन-तीन वर्षांत उपाय लागू पडला असता, नेमकी तीच वर्षे यात निघून जातात.

आई-वडिलांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. ही गोष्ट घरात सहज बोलता यायला हवी. थट्टा थांबवावी, डॉक्टरांकडे सोबत जावे, औषधाचे फायदे आणि धोके मुलासमोर ठेवावेत आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. त्याने औषध घ्यायचे ठरवले तर दर महिन्याला त्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे परिणाम डोळ्यांना दिसतो. आणि त्याने औषध नको, सरळ वस्तरा फिरवतो, असे ठरवले, तर त्याच्या मोकळ्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवावा. मान असतो तो डोक्याचा. केसांखाली डोके शाबूत असले, म्हणजे झाले.